आराखडाच बदलत असेल, तर प्रगती कशाशी ताडून पाहावी?

प्रश्न : आमच्या संस्थेतील कामाची जुनी पद्धत बदलून नवी पद्धत रुजवण्याची जबाबदारी सात महिन्यांपूर्वी माझ्याकडे आली. सुरुवातीला दीड वर्षाचा तपशीलवार आराखडा केला होता. मात्र मधल्या काळात निधी, मनुष्यबळ आणि बाहेरचे नियम असे सगळेच बदलले आणि आराखडा तीनदा नव्याने मांडावा लागला. साप्ताहिक अहवालात बहुतेक कामांपुढे ‘पूर्ण’ असे लिहिलेले असते, तरीही बदल खरोखर घडतो आहे असे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. वरिष्ठ मात्र ‘किती टक्के झाले?’ एवढेच विचारतात. अशा वेळी प्रगती कशावरून ओळखावी?

उत्तर : आपल्या मनातील शंका रास्त आहे, आणि अहवालातील ‘पूर्ण’ या शब्दापेक्षा तिच्यावर अधिक विश्वास ठेवावा असे मी म्हणेन. एकूण काम किती आहे हे आधी ठाऊक असेल, तरच टक्केवारीला अर्थ असतो. आपल्या बाबतीत दर दोन-तीन महिन्यांनी छेदच बदलतो आहे. मग अंश कितीही काटेकोरपणे मोजला तरी येणाऱ्या उत्तरावर विसंबता येत नाही. अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ साली जोखीम आणि अनिश्चितता यांत फरक केला होता : ज्या घटनांची संभाव्यता मोजता येते तिथे जोखीम असते, जिथे ती मोजताच येत नाही तिथे अनिश्चितता. आपले काम दुसऱ्या प्रकारात मोडते. तिथे आराखडा म्हणजे एकमेकांवर रचलेल्या अंदाजांची चळत असते, म्हणून देखरेख ठेवायची ती त्या अंदाजांवर.

नव्या उद्योगांच्या नियोजनासाठी व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक रीटा मॅकग्राथ आणि इयन मॅकमिलन यांनी १९९५ साली नेमके हेच सुचवले होते : आराखडा ज्या गृहीतकांवर उभा आहे ती लिहून काढावीत आणि प्रत्येक टप्पा कोणत्या ना कोणत्या गृहीतकाची परीक्षा घेईल अशा रीतीने आखावा. आपल्याकडेही अशी गृहीतके असणारच. उदाहरणार्थ, ‘प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी दोन महिन्यांत जुनी नोंदवही आपणहून बाजूला ठेवतील.’ या वाक्यापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : हे खरे ठरत असल्याची खूण कोणती, ती कोणत्या तारखेपर्यंत दिसायला हवी, आणि दिसली नाही तर आपण काय बदलू. यातील तिसरी गोष्ट निकाल हाती येण्यापूर्वी लिहिणे फार महत्त्वाचे आहे, कारण आकडे समोर आल्यावर आपल्या मनाला सबबी सुचू लागतात आणि ‘आणखी एक महिना वाट पाहू’ हे वाक्य दर महिन्याला तितकेच समंजस वाटते. मी स्वतः एका संस्थेत असे सलग पाच महिने वाट पाहण्यात घालवले आहेत, आणि त्याचा भार माझ्यावर नव्हे तर दोन्ही पद्धतींनी दुप्पट काम करणाऱ्या सहकाऱ्यांवर पडला, याची मला आजही खंत आहे.

आता आपल्या अहवालातील ‘पूर्ण’ या शब्दाविषयी. न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट येथे एडिसन यांचे वीजकेंद्र १८८२ साली सुरू झाले, पण अमेरिकेतील कारखान्यांच्या उत्पादकतेत विजेमुळे ठळक वाढ दिसली ती १९२० च्या दशकात. इतका उशीर लागण्याचे एक मोठे कारण असे, की बहुतेक कारखानदारांनी आरंभी फक्त वाफेचे इंजिन काढून त्या जागी विजेची मोटार बसवली. छताखालून फिरणारे लांब दांडे, त्यांना जोडलेले पट्टे आणि त्या दांड्यांच्या सोयीने केलेली यंत्रांची मांडणी तशीच राहिली. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटार मिळाली, यंत्रे कामाच्या ओघाप्रमाणे मांडता येऊ लागली आणि इमारतीही त्यानुसार बांधल्या गेल्या, तेव्हा कुठे विजेचा खरा लाभ पदरात पडला. अशा कारखान्यात मोटार बसवल्याच्या दिवशी कोणी अहवाल लिहिला असता, तर त्यातही ‘विद्युतीकरण पूर्ण’ असेच आले असते. म्हणून आपल्या यादीतील प्रत्येक ‘पूर्ण’ कामाला विचारावे, की यामुळे कोणाचे रोजचे काम वेगळे झाले? प्रशिक्षण झाले ही आपण केलेली कृती आहे. अडचण आल्यावर माणूस जुन्या पद्धतीकडे न वळता नव्या पद्धतीतच मार्ग शोधतो, हा बदल आहे. अंतिम परिणाम बहुधा उशिरा दिसतो, पण वागण्यातील अशा खुणा त्याच्या कितीतरी आधी दिसू लागतात, आणि नेतृत्व करणाऱ्याने नजर ठेवायची ती त्यांच्यावर.

या खुणा मोजू लागल्यावर आणखी एक मोह आवरावा लागतो. आकडे दर आठवड्याला खालीवर होणारच. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी मे १९२४ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत आपल्या वरिष्ठांना एक छोटे टिपण दिले, त्यातून नियंत्रण आलेखाचा, म्हणजे प्रक्रियेतील नेहमीच्या चढउतारांच्या मर्यादा दाखवणाऱ्या आलेखाचा, जन्म झाला. त्यामागचा विचार असा : प्रत्येक प्रक्रियेत काही चढउतार अंगभूतच असतात आणि काही विशिष्ट कारणाने घडतात, या दोहोंत गल्लत केली तर नुकसान होते. हे नुकसान दाखवण्यासाठी गुणवत्ता व्यवस्थापनाचे तज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग आपल्या प्रशिक्षणवर्गांत नरसाळ्याचा प्रयोग करत. नरसाळ्यातून गोटी खालच्या खुणेवर टाकायची. ती जितकी बाजूला पडेल तितके नरसाळे दर वेळी उलट दिशेला सरकवायचे. नेम सुधारण्याऐवजी गोट्या अधिकच पसरतात. नरसाळे मुळीच न हलवल्यास जेवढे विचरण (पसरण्याचे संख्याशास्त्रीय माप) असते, त्याच्या दुप्पट होते. प्रत्येक वाईट आठवड्यानंतर नवा आदेश काढणारा प्रमुख नेमके हेच करत असतो. त्यापेक्षा आकडे कालक्रमाने एका साध्या आलेखावर मांडावेत आणि सलग आठ मोजमापे जुन्या सरासरीच्या एकाच बाजूला पडली, तर काहीतरी खरोखर बदलले आहे असे समजून कारण शोधावे. आठ नाणी उडवली, तर निव्वळ योगायोगाने आठही एकाच बाजूने पडण्याची शक्यता १२८ मध्ये १ इतकीच असते, तसेच हे आहे. अर्थात कोणाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तिथे आठची वाट पाहायची नसते. तिथे एकच घटना पुरेशी आहे.

वरिष्ठांना टक्केवारीऐवजी दर महिन्याला एक पान द्यावे : या महिन्यात कोणती गृहीतके तपासली, त्यांतील कोणती टिकली व कोणती कोसळली, त्यामुळे आराखड्यात काय बदलले आणि पुढील महिन्यात कशाची परीक्षा आहे. पहिल्या एकदोन वेळा हे पान त्यांना अपुरे वाटेल. मात्र आराखडा तीनदा का बदलला याचे उत्तर त्यात आपोआप येते, आणि एरवी धरसोड वाटणारी गोष्ट शिकण्यातून झालेला बदल म्हणून त्यांना दिसू लागते.

प्रश्न : आमच्या आढावा बैठकीत कोणीच अडचण सांगत नाही. सगळे सुरळीत असल्याचे ऐकून मी बाहेर पडते आणि पंधरा दिवसांनी एखादी गोष्ट पुरती बिघडल्याचे कळते. माणसे प्रामाणिक आहेत, मग असे का होते?

उत्तर : माणसे प्रामाणिक असूनही असे होते, कारण बैठकीत दिलेल्या आकड्यावर त्यांचे मूल्यमापन होणार हे त्यांना ठाऊक असते. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात दाखवून दिले, की एखाद्या आकड्याचा नियंत्रणासाठी उपयोग सुरू झाला की त्याच्यातील पूर्वीची नियमितता ढासळू लागते. म्हणून बदलाची दिशा कळण्यासाठी घेतलेले आकडे व्यक्तींच्या वार्षिक मूल्यमापनात वापरू नयेत, आणि तसे जाहीरपणे सांगून पाळावेही.

मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी सुचवलेली एक रीतही करून पाहण्याजोगी आहे. ‘हा बदल वर्षभरात साफ फसला आहे’ असे धरून चालावे आणि तो का फसला याची कारणे प्रत्येकाने स्वतंत्रपणे कागदावर लिहावीत. ‘काही अडचण आहे का?’ या प्रश्नावर गप्प बसणारी माणसे इथे भरभरून लिहितात, कारण फसणे आधीच गृहीत धरल्यामुळे शंका मांडणारा नाउमेद करणारा ठरत नाही. त्या कारणांपैकी जी वारंवार येतील, त्यांचीच खूण पुढील आढाव्यात शोधावी.

याशिवाय आठवड्यातून एकदा, बैठक सोडून, जिथे प्रत्यक्ष काम चालते तिथे जाऊन बसावे. तिथे तपासणी करू नये, फक्त पाहावे आणि विचारावे. आणि पुढील बैठकीची सुरुवात आपल्या स्वतःच्या चुकलेल्या गृहीतकाने करावी : काय वाटले होते, काय निघाले, आता काय बदलत आहात. त्यानंतर जो पहिला सहकारी एखादी वाईट बातमी सांगेल, त्याला ‘हे आधी का नाही सांगितले?’ असे विचारू नका. ‘यात माझी मदत कुठे लागेल?’ असे विचारा, आणि ती मदत त्याच आठवड्यात पोहोचेल असे पाहा.