सेहेचाळीसाव्या वर्षी दातांना तारा लावताय? पैसे भरायच्या आधी एवढं वाचा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. वय 46, खालचे पटाशीचे दात एकावर एक चढलेले, ब्रश करताना थोडं रक्त येतं, पुढच्या डिसेंबरात मुलीचं लग्न, आणि क्लिनिकवाले म्हणतात की रविवारपर्यंत सगळे पैसे एकदम भरले तर 20 टक्के सूट. सात वर्षांपूर्वीची माझीच गोष्ट कोणी लिहून काढली आहे असं वाटलं, म्हणून एवढं लांब लिहायला बसले.

या वयात दात सरकतात का, दुखतं का, लोक काय म्हणतात, यावर वर बऱ्याच जणांनी लिहिलंय. सरकतात. पहिले तीन-चार दिवस दुखतं. आणि लोक आठवडाभर बोलतात. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "हे काय लावून राहिली बाई या वयात?" आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी मऊ खिचडी वेगळी काढून ठेवायला लागल्या. शाळेत सातवीची मुलं दोन दिवस माझ्या तोंडाकडे बघत होती, तिसऱ्या दिवशी वर्गातल्याच एका मुलीने, जिला तारा होत्या, मला विचारलं, "मॅडम, तार टोचते तिथे लावायचं मेण आहे का तुमच्याकडे?" लोकांची भीती तिथेच संपली.

माझं नुकसान झालं ते दुसरीकडे. क्लिनिकचं नाव लिहीत नाही. चांगलं चकचकीत होतं, घरापासून दहा मिनिटांवर. 48 हजार सांगितले, एकदम भरले तर 42. मी भरले. तारांचे डॉक्टर तिथले नव्हते, महिन्यातून दोन शनिवार यायचे. त्यात वावगं काही नाही, आपल्याकडे बऱ्याच क्लिनिकांत तारांचे डॉक्टर बाहेरूनच येतात आणि ते बहुधा एमडीएस असतात, म्हणजे बीडीएस या दातांच्या पदवीनंतर तीन वर्षं फक्त हेच शिकलेले. हे डॉक्टर हुशार होते, समजावून सांगायचे. वरच्या दोन्ही बाजूंची एकेक दाढ, सुळ्यामागची, काढली आणि जागा भरत आणायला सुरुवात केली.

सात महिन्यांनी ते यायचे बंद झाले. काउंटरवरची मुलगी म्हणायची, "येतील ना, पुढच्या शनिवारी." क्लिनिकच्या मुख्य डॉक्टरांनी एकदा तार बदलली, एकदा नुसती रबरं बदलली. असे तीन महिने गेले. मग एका सकाळी जिभेने खालचा मधला दात ढकलला तर तो किंचित मागे गेला आणि परत आला. तारांमध्ये दात थोडे हलतातच, ते मला माहीत होतं. पण हे तसं नव्हतं. बेसिनमध्ये थुंकले तर गुलाबी.

मी फाईल मागायला गेले. मुलीने रजिस्टर उघडलं, माझ्या नावावर बोट ठेवलं, आत जाऊन आली आणि म्हणाली की फाईल बाहेर देता येत नाही. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे? तो आमच्याच मशीनवर काढला होता, आता सिस्टीममध्ये दिसत नाही. दातांचे प्लास्टरचे साचे? ते जुने झाले की टाकून देतात. उरलेले पैसे? ते तर पॅकेज होतं. मी आठ वेळा गेले त्या काउंटरवर. शाळा सुटल्यावर, मे महिन्यात, डोक्याला ओढणी बांधून. आठ वेळा. आजही त्या रस्त्याने गेले की जीव जळतो.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी पहिल्यांदा खालची तार काढली आणि हिरड्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दात आणि हिरडी यांच्या फटीत खुणा असलेली बारीक सळई घालून खोली मोजतात. 3 मिलिमीटरपर्यंत ठीक धरतात. माझ्या खालच्या दोन दातांपाशी 6 भरली. नव्या ओपीजीत तिथलं हाड खाली गेलेलं स्पष्ट दिसत होतं.

आता ताई, मला सगळ्यात महाग पडलं ते इथे. डॉक्टरांनी विचारलं, "हे हाड तारा लावायच्या आधीच कमी होतं, की तारा लावल्यावर कमी झालं?" याचं उत्तर फक्त पहिल्या ओपीजीत होतं. आधीच कमी असेल तर पुढे एक हिशेब, तारांच्या काळात वेगाने कमी झालं असेल तर दुसरा हिशेब. वरच्या काढलेल्या दाढांच्या जागा अर्ध्या भरलेल्या, आणि आधीच्या डॉक्टरांनी काय ठरवून त्या काढल्या होत्या तेही कागदावर कुठे नाही. नव्या डॉक्टरांना अंदाजाने पुढे जावं लागलं, तेही घाबरत घाबरत.

दात सरकतो तो हाडातून वाट काढत. ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड विरघळतं, मागच्या बाजूला नवीन भरतं. हिरड्या निरोगी असतील तर हे आमच्या वयातही होतं. पण हिरडीत सूज आणि आत कीटण असेल, आणि वरून दात ओढला, तर हाड जातं ते परत येत नाही. म्हणून तुमचं ते "ब्रश करताना थोडं रक्त येतं" वाक्य मला तुमच्या पूर्ण पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, आणि त्यावर खाली कोणीच बोललं नाही.

पाच महिने हिरड्यांचे उपचार झाले, तेवढ्यात खालचे दात परत जुन्या जागी जायला लागले. पुन्हा तारा, पुन्हा पैसे. दीड वर्षाचं काम जवळजवळ चार वर्षं चाललं. दात आता सरळ आहेत. खालच्या दोन दातांमध्ये मुळाशी एक काळा त्रिकोण राहिला आहे, हिरडी तेवढी वर आली नाही. पाणी पिताना मला तो जाणवतो.

मी डॉक्टर नाही, मराठी शिकवते. माझं ऐकून कोणी औषध बंद करू नये की तार काढू नये. पण माझं मत विचाराल तर सूट सोडून द्या. दर भेटीला पैसे घेणारा डॉक्टर शोधा, कारण ज्याचे पैसे अजून यायचे आहेत तो पुढच्या महिन्यात तुम्हाला फोन करतो. तारा कोण लावणार आणि दर महिन्याला कोण बघणार, त्यांचं नाव आणि नोंदणी क्रमांक कागदावर घ्या. ते सोडून गेले तर काय, हेही तिथेच विचारा. पहिल्या दिवशीच ओपीजीची आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेची प्रत मोबाईलवर मागून घ्या, शक्य असेल तर बाहेरच्या एक्स-रे सेंटरमधून काढा. साचे तयार झाले की तिथेच टेबलावर ठेवून चारही बाजूंनी फोटो काढा. लाजू नका. मी लाजले होते.

मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट सोबत न्या. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर ते आधी सांगा, विसरू नका. त्यातल्या काही औषधांनी दात सरकायला वेळ लागतो आणि दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून यायला त्रास होऊ शकतो. आपल्या वयात ही औषधं बऱ्याच जणींना असतात आणि दाताच्या डॉक्टरांकडे ती सांगावीत हे लक्षातच येत नाही.

पैशांची ओढाताण असेल तर आपल्या नागपुरात मेडिकल कॉलेजजवळचं शासकीय दंत महाविद्यालय बघा, हिंगणा रोडकडे खासगी दंत महाविद्यालयंही आहेत. वेळ जातो, रांग असते, आणि तिथेही शिकणारे डॉक्टर तीन वर्षांनी बदलतात. पण तुमची फाईल विभागाची असते, पुढचा डॉक्टर ती उघडून काम सुरू करतो. माझ्या अनुभवानंतर मला याची किंमत फार वाटते.

एका दादांनी खाली विचारलंय, तारा असताना सुपारी-तंबाखूचा खर्रा चालतो का. नाही चालत, दादा. सुपारीने ब्रॅकेट, म्हणजे दातांवर चिकटवलेले तुकडे, निघतात ही छोटी गोष्ट झाली. खर्ऱ्याने तोंड उघडायचंच कमी होत जातं, मग तारा लावायला डॉक्टरचा हात आत जाणार कसा? आमच्या शाळेतल्या शिपायाचं तोंड आज दोन बोटांएवढंही उघडत नाही. आधी ते सोडा.

आणि हो, सिरॅमिकच्या तारा घेतल्या तर भोवतीची पारदर्शक रबरं हळदीने एका जेवणात पिवळी होतात. सावजी खायचं असेल, गोळाभातावर फोडणीचं तेल ओतायचं असेल, तर डॉक्टरांकडे जायची तारीख असेल त्याच्या आदल्या दिवशी खा. दुसऱ्या दिवशी रबरं बदलतातच. तर्री पोह्यांतले चणे मात्र बाजूला काढा, वरचा चिवडाही. तारांऐवजी अलायनर, म्हणजे काढता-घालता येणारे पारदर्शक साचे, घेतले तर ते दिवसातून 20 ते 22 तास तोंडात हवेत. आपल्याकडे आलागेला प्रत्येकजण चहा घेतल्याशिवाय जात नाही, हे धरून ठरवा.

तुम्ही विचारलंत की तक्रार करता येते का. पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालीच ते स्पष्ट केलंय. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला 2 वर्षांची मुदत असते. माझी ती मुदत "जाऊ दे, शिक्षिका आहे, चार लोक ओळखतात" म्हणण्यात निघून गेली. पावतीसुद्धा साध्या कागदावर होती.

लग्नाचं म्हणाल तर फोटोत तारा दिसल्या तर दिसू द्या, लग्नासाठी म्हणून लवकर काढून मागू नका. घाईने तारा काढल्या तर दात परत फिरतात. तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर रात्री लावायचाच आहे, मी अजूनही लावते.

रविवारी त्यांची ऑफर संपते ना, संपू द्या. सोमवारी हिरड्या मोजून घ्या, आणि आकडे किती आले ते इथे लिहा.