'काहून'ला हात लावू नको

बाबू, पुण्यात येऊन तीनच महिने झाले आणि आपल्या वऱ्हाडी बोलीमुळे तू आत्ताच तोंड उघडायला बिचकतोस? मी अकोल्याहून आलो तेव्हा हेच केलं. 'काम करून राहिलो' म्हटलं की मागच्या टेबलांवर खसखस पिकायची. मग वर्षभर मी जवळजवळ मुकाच राहिलो. तसं नको करू.

सगळं बदलायला जाऊ नकोस, जमतही नाही. फक्त 'ण' आणि 'ळ' धर. 'पानी', 'डोया' मुलाखतीत लगेच कानाला लागतं. जिभेचं टोक मागे टाळूकडे वळवून 'पाणी, डोळा, बाळ' रोज दहा मिनिटं मोठ्यानं म्हण, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐक. (स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटते. वाटू दे.) 'करून राहिलो'चं 'करतोय' आपोआप होतं, त्यासाठी घाम गाळू नको. हेल सर्वांत शेवटी जातो. माझा पंधरा वर्षांनीही भांडणात परत येतो.

आणि घरच्या फोनवर पुणेरी झाडू नको, तिथं 'का'ला आपलं 'काहून'च राहू दे. मी एकदा आईला विचारलं, "काय करतेयस?" ती घाबरून म्हणाली, "काहून रे, तब्येत बरी हाये ना तुही?"