जुनी पोर्शे ९४४ सकाळी थंड असताना अडखळते, गरम झाली की सुरळीत चालते, कशामुळे?

आधी कूलंट टेम्परेचर सेन्सर तपासा. इंजिन थंड आहे हे कंट्रोल युनिटला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, तोच सांगतो. त्याने चुकीचं सांगितलं की थंडीत लागणारं जास्तीचं पेट्रोल मिळत नाही. दोन पिनांचा सेन्सर बघा, डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याचा वेगळा असतो. सेन्सरला लागलेला वायरचा प्लग काढून सेन्सरच्या पिनांना मल्टिमीटर लावा: २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. परभणीच्या हिवाळ्यात सकाळी रीडिंग अडीच हजाराच्या वरच यायला हवं. पिनांवर हिरवट गंज दिसला तर आधी तो घासून काढा. जुन्या इंजेक्शनच्या गाड्या दुरुस्त करताना मला दोष बऱ्याचदा तिथेच सापडलाय. रीडिंग बरोबर आलं तर मात्र इनटेकचे (इंजिनात हवा नेणारे) रबरी पाइप वाकवून बघा, तडा असेल तर तिथून हवा ओढते. तोवर मेकॅनिकला इंजेक्टर खोलू देऊ नका.