कथेतली शाळा, आपली शाळा

प्रश्न : एका कादंबरीत नववीतल्या मुलाला वर्गातली मुलं एकटं पाडतात. वाचताना माझे हायस्कूलचे दिवस आठवले. वाचनगटासाठी त्यावर ८०० शब्दांचं टिपण लिहायचंय. पण प्रत्येक खर्डा एकतर कथासार होतो, नाहीतर नुसत्या आठवणी. काय चुकतंय?

उत्तर : ‘एकटं पडणं’ हा फार मोठा विषय झाला. जुळवायचे असतात ते प्रसंग. कादंबरीतला दोन-तीन पानांत मावणारा एकच प्रसंग घ्या आणि आठवणीतलाही एकच, फार तर १०-१५ मिनिटांचा. मधल्या सुट्टीत शेजारचा बाक रिकामा राहिला, इतका नेमका.

आधी पुस्तक मिटून आठवण लिहा. पुस्तक उघडं ठेवलं की लेखकाचे शब्द आपल्या आठवणीत शिरतात आणि मूळचं काय, उसनं काय, हे कळेनासं होतं. मग तो प्रसंग दोनदा वाचा. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिलीने खुणा करा : कोण बोलतं, कोण बघूनही गप्प राहतं, मोठी माणसं कुठे आहेत आणि हे सगळं कोण सांगतंय. हा शेवटचा प्रश्न बहुतेकांकडून सुटतो, आणि खरी मेख तिथेच आहे. शाळकरी निवेदकाच्या तोंडी पुष्कळदा प्रौढ लेखकाची समज असते. पंधराव्या वर्षी तुम्हाला ‘अपमान’ हा शब्द सुचला होता, की नुसता पोटात गोळा आला होता? आजचा शब्द तेव्हाच्या मुलाच्या तोंडी घातला की आठवण बनावट वाटते.

इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये कवींची नावं झाकून कविता वाचायला दिल्या आणि आलेल्या अभिप्रायांवर १९२९ मध्ये पुस्तक लिहिलं. नीट वाचण्यातल्या अडचणींच्या त्यांच्या यादीत वाचकाच्या असंबद्ध खाजगी आठवणीही आहेत. म्हणून आठवणी टाळायच्या असं मुळीच नाही. अमेरिकन साहित्य-अभ्यासक लुईझ रोझेनब्लाट यांनी १९३८ मध्ये वाचकाच्या अनुभवाला वाचनात मानाची जागा दिली, पण मजकुराचा आधार सोडायला त्यांचीही संमती नव्हती. तेव्हा प्रत्येक आठवणीला विचारा : हिच्यामुळे पुस्तकातली कोणती ओळ वेगळी दिसू लागली? ओळ दाखवता येत नसेल तर तो परिच्छेद काढा, कितीही जिवाचा असला तरी.

साम्य १०० शब्दांत उरका. ते वाचकाला आपणहून दिसतं. प्रसंगाला २५०, आठवणीला २०० द्या आणि उरलेले सगळे शब्द फरकाला. कादंबरीतल्या मुलाच्या बाजूने कोणी उभं राहिलं आणि तुमच्या बाजूने नाही, तर लेखकाला ते पात्र का लागलं? टिपणाचा कणा हा प्रश्न आहे.

आणि वर्गमित्राचं नुसतं नाव बदलून भागत नाही. लकब, बसायची जागा, घरची माहितीही बदला किंवा गाळा.

प्रश्न : माझी शाळेची वर्षं सरळ गेली. अशा कथांशी माझं काहीच जुळत नाही. मी काय लिहू?

उत्तर : नायकाशी जुळवू नका. प्रसंगात मागे बसलेली, बघणारी मुलं असतात. त्यांना लेखकाने किती वाक्यं दिली ती मोजा. बहुधा एक-दोनच निघतील. तुम्ही त्या जागी होता का, आणि तिथून काय दिसत होतं, ते लिहा.