पोरं फार गप्प झाली की उठून बघा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. तीन वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी, शिरपूरचं दोन खोल्यांचं घर, मिस्टर सकाळी आठला जातात आणि उन्हामुळे सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत दार उघडायची सोय नाही. "यांना दिवसभर खेळायला काय देऊ?" असं तुम्ही विचारलंय. नऊ वर्षांपूर्वी भुसावळला मी अगदी याच जागी होते. मुलांची वयंही हीच, आणि आमचीही मुलगी थोरली, मुलगा धाकटा.

पन्हं पाजा, दुपारी झोपवा, खिडकीला वाळ्याचे पडदे लावा हे तुम्हाला सांगायची गरज नाही, खानदेशातल्या बाईला ते येतंच. सकाळी साडेपाच ते आठ मुलांना बाहेर दमेपर्यंत खेळू द्या, एवढंच त्यात जोडते. आठनंतर पारा कुठे जातो ते आपण जाणतो.

आता माझी चूक. लांबलचक आहे, पण उत्तर तिच्यातच आहे.

त्या वर्षी मला कुणीतरी सांगितलं होतं की ताटात दोन-तीन धान्यं मिसळून द्यायची, मुलं निवडत बसतात, बोटांना वळण लागतं. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. घरात पुरण शिजलेलं, नणंदा माहेरी आलेल्या, ओट्यावर मी एकटी. धाकट्याला परातीत हरभरे आणि चवळी मिसळून दिली आणि पोळ्यांना लागले. काय बसला होता तो! वीस मिनिटं आवाज नाही. मी मनात म्हटलं, सापडलं औषध. सासूबाई साक्रीकडच्या, त्या आतून म्हणाल्या, "पोऱ्या गुपचूप शे म्हणजे कायतरी करी ऱ्हायना." म्हणजे पोरगं गप्प आहे तर काहीतरी करतंय. मी हसण्यावारी नेलं. दोन पोळ्या झाल्यावर तो स्वतःच आला, नाकावर बोट ठेवून म्हणाला, "आई, हरभरा झोपला."

खरी चूक इथून पुढची. हरभरा दिसत होता, अगदी नाकपुडीच्या तोंडाशी. मी केसातली पिन काढली, नणंदेला डोकं धरायला सांगितलं आणि उकरायला गेले. तो दचकला, हरभरा आत सरकला, रक्त आलं. मग मी दुसऱ्यांदा प्रयत्न केला. हे लिहायला आजही लाज वाटते, पण तुम्ही करू नये म्हणून लिहिते. दिसतोय म्हणजे निघेलच, असं वाटतं. नाक आत निमुळतं असतं, हरभरा गोल आणि गुळगुळीत. पिन त्याला मागेच ढकलते. शिवाय नाकातल्या ओलीने तो फुगतो. रात्रभर भिजत घातलेले हरभरे सकाळी केवढे होतात ते आपण रोज बघतो, पण त्या क्षणी डोक्यात येत नाही.

तिथून एका मोठ्या दवाखान्यात गेलो. नाव घेत नाही. सणाची सुट्टी. खिडकीवर सांगितलं, आधी केसपेपर. केसपेपरला मुलाचं आधारकार्ड हवं, ते घरी. मिस्टर परत गेले, आणलं, तोवर "सिस्टिम बंद आहे". मग कळलं की नाक-कान-घशाचे डॉक्टर आज नाहीतच, त्यांचे ठरलेले वार आहेत. हे पहिल्याच मिनिटाला सांगता आलं नसतं का? पावणेदोन तास त्या बाकावर मी रडणाऱ्या पोराला धरून बसले. हात लावू नका, आडवं निजवू नका, अमुक डॉक्टरकडे जा, इतकं बोलायलाही कुणी आलं नाही. उलट एक जण म्हणाला, "शिंकू द्या, निघेल." माझा सगळा राग अजून त्या खिडकीवर आहे. पिन मीच घातली होती हेही खरं.

शेवटी औषधाच्या दुकानातल्या माणसाने एका खाजगी डॉक्टरचा पत्ता दिला. ते सणाचं जेवण टाकून आले. टोकाशी वाकवलेलं एक बारीक अवजार हरभऱ्याच्या मागे नेलं आणि पुढे ओढलं. अर्धं मिनिटही लागलं नाही. मग मला झापलं. म्हणाले, तुमच्या पिनेने तो आणखी मागे गेला असता तर श्वासनळीत उतरला असता, मग हे इथे निघालं नसतं. एक युक्तीही त्यांनी सांगितली: मोकळी नाकपुडी दाबून आईने मुलाच्या तोंडाला तोंड लावून एक जोराची फुंकर मारायची, पुष्कळदा वस्तू बाहेर येते. पण मी डॉक्टर नाही. माझं वाचून करू नका, आपल्या डॉक्टरांकडून आधी समजून घ्या. आणि चिमटा, पिन, काडी यातलं काही नाही.

तेव्हापासून आमच्या घरात एक नियम आहे: चार वर्षांखालच्या मुलाच्या हातात लिंबाहून लहान काही नाही. हरभरा, वाल, चिंचोका, सरकी, मणी, गोटी काही नाही. शेंगदाणे खायलासुद्धा अख्खे नाहीत, कूट करून. कुणी मला अती म्हणतं, म्हणू देत.

मग द्यायचं काय? माझं मत जरा आडमुठं आहे. खेळ शोधूच नका, घरातलं काम द्या. बाजारातून आणलेले कांदे-बटाटे टोपलीतून टोपलीत घालणं, भरताची वांगी पुसून रांगेत मांडणं, डब्यांना झाकणं जुळवणं, कणकेचा गोळा मळणं. बिबडे (ज्वारीचे पापड) घालायचे असतील तर गच्चीवर न नेता घरातच एक जुनी साडी पसरा आणि त्यांना चार वाकडेतिकडे घालू द्या. तीन वर्षांचं पोर एका गोष्टीत दहा-पंधरा मिनिटं राहतं, तासभर नाही. "याचं मन लागत नाही" म्हणून घाबरू नका, तेवढंच लागतं.

आमच्याकडे सगळ्यांत जास्त चाललं ते मातीचं. शेतातली काळी माती आणा, खडे आणि काड्या चाळून काढा, भिजवा, मळताना चिमूटभर कापूस पिंजून घाला. नुसती काळी माती वाळली की तडकते, आपली जमीन उन्हाळ्यात भेगाळते तशीच. कापसाने ती धरून राहते. पोळ्याला अजून अवकाश असतो, पण बैल मेमध्येच करायला घ्या. थोरलीने एका उन्हाळ्यात सतरा बैल केले, त्यातले चार बिनशिंगांचे. घाण होते, हो. मोरीजवळ बसवा आणि नंतर तिथेच आंघोळ घाला, तोही अर्धा तास जातो. मात्र पाण्याची बादली भरलेली ठेवून उठू नका. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडतं.

झोका. छताला कडी असेल तर आजच बांधा. आखाजीला कडुनिंबाला बांधतो तोच, फक्त घरात. खाली गादी टाका.

कूलरच्या टाकीत हात घालून खेळायची सवय लावू नका. पत्र्याच्या कूलरचे शॉक दर उन्हाळ्यात कानावर येतात. पाणी भरताना प्लग काढूनच भरा.

मोबाईलबद्दल तुम्ही फार अपराधी वाटून लिहिलंय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडदा नको, कमी तितकं बरं. त्याच ठिकाणी दिवसभरात तीन तास हालचाल हवी असंही आहे, ते मात्र कुणी पाठ करत नाही. आमच्याकडे दुपारी तीनला लाईट गेली की तासाचा दीड तास व्हायचा. मी खोटं सांगणार नाही. पण जेवताना मोबाईल देऊ नका, एवढं पाळा. ती सवय सोडवायला आम्हाला सहा महिने लागले आणि त्यावर लिहायला बसले तर दुसरी पोस्ट होईल.

आणि "मी बोअर झालो" म्हणाले तर लगेच धावू नका. जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत तुम्ही रोज नवा खेळ काढू शकणार नाही. थोडं कंटाळू द्या, पाय आपटू द्या. फक्त कान त्यांच्याकडे ठेवा. भांडत असतील, ओरडत असतील तर पोळ्या लाटत राहा. आवाज बंद झाला की गॅस बारीक करा आणि जाऊन बघा.

एक राहिलंच. जत्रेतून आणलेला लाईटचा भोवरा, गाणारं खेळणं, बारका रिमोट, यांच्यात बटणासारखी चपटी बॅटरी असते. हरभऱ्याने आम्हाला वेळ दिला, ती देत नाही. घशात अडकली तर दोन तासांत आतून भाजते, नाकातही इजा करते. तसं झालं तर केसपेपरच्या रांगेत उभ्या राहू नका, "बॅटरी गेलीय" असं मोठ्याने सांगत सरळ आत शिरा. आज रात्री मुलं झोपल्यावर घरातल्या अशा सगळ्या वस्तूंची झाकणं तपासा. स्क्रू नसेल तर चिकटपट्टी लावून उपयोग नाही, पोरं ती नखाने काढतात. ती वस्तू कपाटावर टाका.