शोकांतिकेच्या शेवटी 'आता सगळं संपलं' ही भावना नाटककार कशी निर्माण करतो?

मुडदे पाडून तर नक्कीच नाही. मुडदे पडले की शोकांतिका संपते असं मानणाऱ्या एका माणसाने माझी भूमिका कापली होती, त्यामुळे या विषयावर मी शांतपणे लिहीन अशी अपेक्षा ठेवू नका.

कॉलेजात आम्ही 'हॅम्लेट' बसवलं. रूपांतर सरांचंच. मी फॉर्टिनब्रास, नॉर्वेचा राजपुत्र. हॅम्लेट मेल्यावर येतो, मोजकी वाक्यं बोलतो. तालमीत माझा प्रवेश येईपर्यंत सगळ्यांना बस गाठायची घाई, तरी मी दीड महिना एक दिवस चुकवला नाही. प्रयोगाला आठवडा उरला तेव्हा सर म्हणाले, "हॅम्लेट मेला की नाटक संपलं रे. मग तू कशाला येतोस?"

मी म्हटलं, "सर, प्रेतं कोण उचलणार?"

सगळे हसले. मला पडद्याची दोरी दिली.

प्रयोगात हॅम्लेट छान मेला. मी दोरी ओढली आणि पडदा अर्ध्यावर अडकला. (मुद्दाम अडकवला असं सर आजही म्हणतात. नाही अडकवला.) स्टेजवर राजा, राणी, लेअर्टीस आणि हॅम्लेट, चार प्रेतं लख्ख उजेडात. जरा वेळ कुणी हललं नाही. मग राणी शेला सावरत कोपरांवर विंगेकडे सरकायला लागली आणि पुढच्या रांगेतून एक पोर ओरडलं, "आई, ती जिवंत आहे!" पुढचं सांगत नाही.

शेक्सपिअरच्या थिएटरला दर्शनी पडदाच नव्हता. प्रेतं न्यायची तर कुणीतरी 'उचला' म्हणायला हवं. आता या अडचणीचं त्याने काय केलंय ते बघा. इंग्लंडचे राजदूत येतात आणि सांगतात, हुकमाप्रमाणे हॅम्लेटच्या जुन्या मित्रांना, रोझेनक्रान्ट्झ आणि गिल्डनस्टर्नला मारलं. पण ज्याला सांगायचं तो राजाच मेलेला. निरोप पोचला आणि ऐकायला कुणी नाही! माझ्या मते 'संपलं' ते तिथे, हॅम्लेटच्या शेवटच्या श्वासाला नव्हे. मग तोफा. पहिल्या अंकात राजा प्याला उचलतो तेव्हा तोफा वाजतात, शेवटच्या द्वंद्वाआधी त्याच्या प्याल्यासाठी तोच हुकूम सुटतो, आणि अगदी शेवटी त्याच तोफा हॅम्लेटसाठी. आवाज ओळखीचा, अर्थ पार उलटा.

आणि हे प्रेत उचलायला सांगणारा कोण? ज्याच्या बापाला हॅम्लेटच्या बापाने मारलं, तो फॉर्टिनब्रास. कबर खणणारा सांगतो की ते झालं हॅम्लेट जन्मला त्याच दिवशी. बापाने गमावलेल्या तुकड्यासाठी हा सैन्य जमवत होता, त्याला न लढता सगळं डेन्मार्क मिळतं. जुन्या संगीत नाटकाच्या शेवटी भरतवाक्य असायचं ना, तसं हे, फक्त चिलखत घातलेल्या परक्या माणसाच्या तोंडी. त्याला या घरात काय घडलं ते ठाऊकही नाही. ते कापून काय राहतं? चार नट, घरी जायला उतावीळ.

सगळ्याच शोकांतिका अशा मिटत नाहीत, हे मान्य. इब्सेनच्या 'घोस्ट्स'मध्ये आई आजारी मुलाला मरण देणारं मॉर्फिन हातात घेऊन उभी आणि पडदा पडतो. देते की नाही, कळतच नाही. तरी संपल्यासारखं वाटतं, कारण दोन्ही वाटा सारख्याच वाईट. त्यावर जाणकारांनी लिहावं. तुम्ही स्वतः नाटक लिहीत असाल तर मरणानंतरची पाच मिनिटं आधी लिहा आणि दिग्दर्शकाला हात लावू देऊ नका.

सरांचा हुकमी पत्ता म्हणजे इंग्रज नट-दिग्दर्शक लॉरेन्स ऑलिव्हिए: "१९४८च्या सिनेमात त्यानेही फॉर्टिनब्रास उडवलाय." सर, उडवलाय खरा. पण फॉर्टिनब्रासच्या शेवटच्या ओळी हॅम्लेटचा मित्र होरेशिओला दिल्यात, आणि चार सरदार हॅम्लेटला खांद्यावर घेऊन जिने चढत बुरुजावर नेतात. प्रेत उचललंय, सर.