न्यूझीलंडला येताय तर मतदानाचं जरा समजून घ्या

तुम्ही रेसिडेंट व्हिसावर ऑकलंडला येताय आणि विचारलंय की नागरिक नसताना इथे मत देता येतं का, आणि येत असेल तर नॅशनल आणि लेबर हे दोन मोठे पक्ष सोडून लहान पक्षाला दिलं तर ते वायाच जातं ना. पहिल्याचं उत्तर सोपंय, देता येतं. वय १८ पूर्ण, रेसिडेंट व्हिसा, आणि कधीतरी सलग एक वर्ष इथे राहिलेले असलात की झालं. नुसत्या वर्क व्हिसावर नाही. एकदा पात्र झालात की नाव नोंदवणं कायद्याने सक्तीचं आहे, मत देणं मात्र नाही, गंमतच आहे. निवडणुकीला उभं राहायचं तर सिटिझनशिपच लागते.

आता वाया जाण्याचं. इथे दोन मतं असतात, एक तुमच्या मतदारसंघातल्या उमेदवाराला आणि दुसरं पक्षाला, आणि नवीन आलेले सगळे उमेदवाराच्या मतावर डोकं खपवतात कारण आपल्याला तेच माहीत, पण खरं वजन पार्टी व्होटला आहे. संसदेत साधारण १२० जागा, आणि कुठल्या पक्षाच्या किती ते पार्टी व्होटच्या टक्केवारीवरून ठरतं, मतदारसंघात जिंकलेल्या जागा त्यातच धरायच्या आणि कमी पडल्या तर पक्षाच्या यादीतली माणसं भरायची. याला एमएमपी (मिक्स्ड मेंबर प्रपोर्शनल) म्हणतात, १९९६ पासून चालू आहे.

त्याआधी आपल्यासारखंच होतं, ज्याला जास्त मतं तो जिंकला. १९८१ ला सोशल क्रेडिट नावाच्या तिसऱ्या पक्षाला २० टक्क्यांवर मतं पडली आणि ९२ पैकी जागा किती, तर २! वर त्याच निवडणुकीत लेबरला नॅशनलपेक्षा जास्त मतं मिळूनही सरकार नॅशनलचं, १९७८ लाही तेच झालं होतं. शेवटी १९९३ च्या सार्वमतात लोकांनी पद्धतच बदलून टाकली. आपल्याकडे २०१९ ला नांदेडला अशोक चव्हाण ४० हजारांनी पडले आणि वंचितच्या उमेदवाराला दीड लाखावर मतं होती, मग 'मतं खाल्ली' म्हणून किती दिवस आरडाओरडा चालला आठवतंय ना, तसा आरोप इथे पार्टी व्होटच्या बाबतीत होत नाही कारण १० टक्के मिळाले तर जागाही १० टक्क्यांच्या आसपास मिळतात.

पण एक मोठा पण आहे. पक्षाला ५ टक्के तरी मतं लागतात, नाहीतर एखादा मतदारसंघ जिंकावा लागतो. दोन्ही नसेल तर तुमचं पार्टी व्होट खरंच पाण्यात. २००८ ला न्यूझीलंड फर्स्ट या लहान पक्षाला ४ टक्क्यांच्या थोडं वर मतं मिळाली, जागा शून्य, आणि ॲक्ट नावाच्या दुसऱ्या लहान पक्षाला त्याहून कमी, ३.६५ टक्के, तरी ५ जागा, कारण त्यांनी ऑकलंडमधला एप्सम जिंकला होता. म्हणून मग एप्समला नॅशनलवाले स्वतःच्याच मतदारांना इशाऱ्याने सांगतात की उमेदवाराचं मत आपल्या मित्रपक्षाला, ॲक्टला द्या, पार्टी व्होट आम्हाला. मला हे अजिबात पटत नाही पण नियमात बसतं. तर लहान पक्ष आवडत असेल तर पोल्समध्ये तो ५ च्या वर आहे का किंवा त्यांचा एखादा मतदारसंघ पक्का आहे का एवढं बघा आणि बिनधास्त द्या.

तक्रार करणारे म्हणतात लहान पक्ष मोठ्यांना नाचवतात, आणि ते अगदीच खोटं नाही. २०१७ ला नॅशनल ५६ जागांसह सगळ्यात मोठा पक्ष, लेबर ४६, पण ९ जागावाल्या न्यूझीलंड फर्स्टच्या नेत्याने, विन्स्टन पीटर्सनी, देशाला जवळजवळ चार आठवडे ताटकळत ठेवून लेबरला निवडलं आणि जसिंडा आर्डर्न पंतप्रधान झाल्या. २०२३ नंतर तर तीन पक्षांचं सरकार, उपपंतप्रधानपद पीटर्स आणि ॲक्टचे सीमूर यांनी निम्मं निम्मं वाटून घेतलं, आणि आपल्याकडे अडीच-अडीच वर्षांवरून युती मोडली पण इथे मे २०२५ च्या शेवटी पीटर्सनी ठरल्याप्रमाणे खुर्ची सोडली पण. मला तरी ही घासाघीस एकट्याच्या मनमानीपेक्षा बरी वाटते.

महापौराच्या निवडणुकीला मात्र ऑकलंडमध्ये जुनीच पद्धत आहे, तिथे मतं फुटतात (वेलिंग्टनमध्ये पसंतीक्रम द्यायचा असतो).

आणि भारतातलं मत लगेच जात नाही. पासपोर्ट भारतीय आहे तोवर फॉर्म ६ए भरून परदेशातला मतदार म्हणून नाव ठेवता येतं, फक्त मत द्यायला ओरिजिनल पासपोर्ट घेऊन स्वतः तुमच्या मतदारसंघात हजर राहावं लागतं, म्हणजे तिकिटाचा खर्च आलाच. इथली सिटिझनशिप घेतलीत की ते संपलं, ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डावर मत देता येत नाही.